मीठखात्याचे एटकेन साहेब आणि बागेतली चिमुकली रयत

काजूच्या कोवळ्या पालवीवर किडा दिसला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, औषध कुठलं मारू? किडा कुठला, हा प्रश्न नंतर येतो आणि पुष्कळदा येतच नाही. पडवीच्या कडेला जांभ्याच्या चिऱ्याखालून वीतभर साप निघाला की आधी काठी शोधली जाते. साप कुठला होता, याची चर्चा तो मेल्यावर. आज ज्या गृहस्थांची हकीकत सांगणार आहे, त्यांनी हा क्रम आयुष्यभर उलटा ठेवला. आधी नीट बघायचं, मग ओळखायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं. ते शेतकी खात्यातले नव्हते, प्राणिशास्त्राचे प्राध्यापकही नव्हते. ते होते मीठ आणि जकात खात्यातले अंमलदार, आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही त्यांची नेमणूक झाली होती. नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. नावाची आद्याक्षरं जोडून 'ईहा' या टोपणनावाने ते लिहीत, आणि सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानातल्या इंग्रजी वाचणाऱ्या मंडळींत हे टोपणनाव चांगलंच माहितीचं होतं.

नाव विलायती असलं तरी माणूस आपल्याच मुलखात जन्मलेला. १६ ऑगस्ट १८५१ रोजी साताऱ्यात त्यांचा जन्म झाला. वडील रेव्हरंड जेम्स एटकेन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. मुलाला सुरुवातीचं शिक्षण त्यांनी स्वतःच दिलं, पुढचं मुंबई-पुण्यात झालं. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. आणि एम.ए. या दोन्ही परीक्षांत ते पहिले आले. १८७० ते १८७६ अशी सहा वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी लॅटिन शिकवलं. म्हणजे बघा, पाया सगळा भाषांचा. कीटकशास्त्राची पदवी नाही की प्रयोगशाळा नाही. एप्रिल १८७६ मध्ये ते मुंबई सरकारच्या मीठ-जकात खात्यात लागले आणि तिथेच त्यांनी तीस वर्षं काढली.

हे खातं काय होतं, ते आजच्या तरुणांना सांगायला हवं. मिठावर सरकारचा कर होता. त्यासाठी मिठागरांवर पहारा, बंदरांवर नाकी, गोव्याच्या हद्दीवर चौक्या आणि चोरटं मीठ पकडायला शिपाई असा सगळा बारदाना होता. गरिबाच्या भाकरीबरोबरच्या चिमूटभर मिठावरचा हा कर लोकांना फार जाचत होता. १९३० मध्ये दांडीला आणि आपल्याकडे शिरोड्याला सत्याग्रह झाला तो याच कराविरुद्ध. एटकेन या खात्याचे नोकर होते, ही गोष्ट झाकून ठेवायचं कारण नाही. पण खात्याने त्यांना एक मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे फिरती. खाराघोडा, उरण, उत्तर कानडा आणि गोव्याची सरहद्द, रत्नागिरी, मुंबई आणि शेवटी कराची. आज या बंदरात, उद्या त्या चौकीवर. कचेरीचं काम आटोपलं की उरलेला वेळ आपला. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक (पदांची नावं अलीकडे बदलली, फिरती तीच आहे) यांना हे आयुष्य ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की तो उरलेला वेळ एटकेन साहेब बागेतल्या पानाखाली डोकं घालून काढत.

धूळगावची टोळी

पहिली प्रसिद्धी त्यांना मिळाली ती खाराघोड्यामुळे. कच्छच्या छोट्या रणाच्या काठावर, मिठासाठी वसलेलं हे ठिकाण. ऊन, धूळ आणि खारी जमीन. इथे बघण्यासारखं काही नाही असं कुणीही म्हणावं. एटकेननी आपल्या लेखांत या गावाला 'डस्टीपूर', म्हणजे धूळगाव, असं नाव दिलं आणि बंगल्याच्या भिंतींवर, छपरात, बागेत राहणाऱ्या प्राण्यांवर लिहायला घेतलं. त्या काळी सरकार वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या काळजीत असे. त्यावर एटकेनची गंमत अशी, की त्यांनी स्वतःच्या अंगणालाच सरहद्द ठरवलं आणि तिथल्या टोळ्यांचा अहवाल द्यायला सुरुवात केली. उंदीर, डास, पाली, मुंग्या, वाळवी, कोळी, गांधीलमाश्या, बेडूक, ढेकूण, सगळे आले. 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे त्यांचं पुस्तक १८८३ मध्ये निघालं. चित्रं मॅक्रे यांनी काढली.

लोकांनी ते विनोदी पुस्तक म्हणून वाचलं. पण त्यातली रीत बघण्यासारखी आहे. उपद्रव देणाऱ्याकडेसुद्धा आधी शेजारी म्हणून बघायचं. हा राहतो कुठे, खातो काय आणि याला खातं कोण? शेतकऱ्याला लागणारी निम्मी माहिती या तीन प्रश्नांत येते. उदाहरणादाखल आपल्या भिंतीवर मातीचं घरटं करणारी कुंभारीण घ्या. आपण ते घरटं खरवडून टाकतो. फोडून बघितलं तर आत डंख मारून निपचित केलेल्या अळ्या सापडतात, काही जातींच्या घरट्यात कोळी सापडतात. जन्माला येणाऱ्या पिलासाठी ठेवलेली ती शिदोरी असते. आता या अळ्या तिने आणल्या कुठून? तुमच्याच परसातल्या भाजीवरून. म्हणजे फवारणीचा पंप खांद्यावर घेण्याआधी भिंतीवरच्या कुंभारणीचा हिशेब मांडायला हवा.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकतो. १८८९ मध्ये त्यांचं 'बिहाइंड द बंगलो' निघालं, ते घरच्या नोकरचाकरांवर. मुंगी आणि पालीकडे इतक्या समजुतीने बघणारा हा माणूस पगारी माणसांची मात्र साहेबी थट्टा करतो. आज ते वाचताना कपाळाला आठी पडते. विद्वत्ता एका जागी आणि समज दुसऱ्या जागी, असं पुष्कळांचं होतं.

आठ जणांची बैठक

'ट्राइब्ज' निघालं त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ जण जमले. राणीच्या बागेतलं आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय ते हेच. या बैठकीतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्माला आली. आठांत एटकेन होते, आणि दोन आपले डॉक्टरही होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. हेतू अगदी साधा होता. ज्याला जे दिसलं ते त्याने महिन्याच्या सभेत दाखवावं, दुसऱ्याने ओळखावं, दोघांनी मिळून नोंदवावं. एटकेन संस्थेचे पहिले मानद चिटणीस झाले. १८८६ मध्ये संस्थेचं नियतकालिक सुरू झालं, त्याच्या पहिल्या दोन संपादकांत स्टर्नडेल यांच्याबरोबर एटकेनचं नाव आहे. ते नियतकालिक आणि ती संस्था अजून चालू आहेत. नोकरीतल्या फावल्या वेळात सुरू केलेलं काम इतकं टिकतं, याचं मला तरी कौतुक वाटतं.

सुरुवातीच्या त्या वर्षांत नियतकालिकात लिहिणारे बहुतेक असेच होते. कुणी कलेक्टर, कुणी जंगलखात्यातला, कुणी लष्करी डॉक्टर. कुणाच्या खिशात मोठं भिंग, कुणाच्या हातात जाळी. फोटो काढणं तेव्हा जिकिरीचं काम होतं. यंत्र अवजड, काचेच्या पट्ट्या जपून न्यायच्या, आणि किडा काही तेवढा वेळ स्थिर बसत नाही. त्यामुळे जे बघितलं ते शब्दांत आणि हाताने काढलेल्या चित्रांत उतरवायचं. त्याचा एक फायदा झाला. शब्दांत लिहायचं म्हणजे पाय किती, ठिपके कुठे, केस आहेत की काटे, हे मोजावंच लागतं.

कारवारच्या अळ्या

माझ्या मते एटकेनचं खरं मोलाचं काम कारवारकडचं. उत्तर कानडा जिल्ह्यात त्यांची नेमणूक असताना तिथे जेम्स डेव्हिडसन हे कलेक्टर होते आणि टी. आर. बेल हे जंगलखात्यात होते. तिघांनाही फुलपाखरांचा नाद. त्या वेळी फुलपाखरांची नावं बरीचशी ठरलेली होती, पण कुठल्या अळीचं कुठलं फुलपाखरू होतं हे पुष्कळ जातींच्या बाबतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. संग्रहालयात टाचणीला टोचलेलं फुलपाखरू बघून ते कळणारही नाही.

यासाठी त्यांनी वापरलेली पद्धत तुम्हा-आम्हाला आजही वापरता येईल. अळी दिसली की ज्या झाडावर ती आहे त्याच झाडाचा पाला तोडून तिच्यासकट पेटीत ठेवायचा. रोज ताजा पाला, रोज घाण साफ. अळी कात टाकते, रंग बदलते, तेही लिहून ठेवायचं. मग कोष होतो. कोष कुठे टांगला, उभा की आडवा, रंग कसा, सगळं टिपायचं. आणि एक दिवस आतून फुलपाखरू बाहेर पडतं तेव्हा अळीचं नाव पक्कं होतं. यात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागते. एक दिवस पाला घालायचं राहिलं की सगळी मेहनत वाया. डेव्हिडसन आणि एटकेन यांनी मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोषांवरच्या आपल्या नोंदी १८९० मध्ये प्रसिद्ध केल्या. पुढे बेलसह तिघांनी उत्तर कानड्यातल्या फुलपाखरांवर १८९६ पासून मोठी लेखमाला दिली. बिंगहॅम यांनी १९०५ आणि १९०७ मध्ये हिंदुस्थानातल्या फुलपाखरांचे दोन जाडजूड खंड काढले, त्यांत या तिघांनी पेटीत पाळलेल्या अळ्यांची वर्णनं ठिकठिकाणी घेतली आहेत.

तुम्ही म्हणाल, अळी ती अळी, ओळखून करायचंय काय? घरच्या लिंबाच्या झाडाकडे जाऊन बघा. कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसेल. पुष्कळ जण ते पुसून पुढे जातात. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की तीच हिरवीगार होते आणि काडीने डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते, वास येतो. रोपवाटिकेत हिचा उपद्रव मोठा, पण मोठ्या झाडावर चार अळ्या असल्या तर हाताने वेचून काम भागतं. याच्या उलट गोष्ट ढालकिड्याची. लाल-काळ्या ठिपक्यांचा गोल किडा मित्र आहे, हे आता बहुतेकांना माहीत झालं आहे. पण त्याची अळी काळपट, लांबट, अंगावर काटे असलेली, चिमुकल्या मगरीसारखी दिसते. चवळीवरचा मावा ती फस्त करत असते आणि आपण तिलाच कीड समजून चिरडतो. अळी आणि प्रौढ किडा यांची सांगड माहीत नसल्याने मित्र मारला जातो, आणि वर औषधाचा खर्च येतो तो वेगळाच.

लाल मुंग्यांचंही तसंच. आंब्या-काजूवर पानं शिवून घरटं करणारे हे हुमले, कुणी ओंबील म्हणतात. काजू काढताना अंगावर पडले की नको जीव होतो, म्हणून घरटी जाळायची पद्धत आहे. एटकेननी कारवारकडे या मुंग्यांच्या घरट्यांचं निरीक्षण केलं आणि १८९० च्या सुमारास संस्थेच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. या मुंग्यांची करामत खरंच बघण्यासारखी. कामकरी मुंग्या रांग धरून दोन पानांच्या कडा ओढून जवळ आणतात आणि दुसऱ्या मुंग्या आपल्याच पिलांना, म्हणजे अळ्यांना, तोंडात धरून त्यांच्या लाळेच्या रेशमाने पानं चिकटवतात. निळ्या फुलपाखरांच्या कुळातल्या काही अळ्या या मुंग्यांना गोड रस देतात आणि मुंग्या त्यांना राखतात. आता आपल्या कामाचा भाग. हुमल्यांचा वावर असलेल्या काजूवर ढेकण्याचा त्रास कमी राहतो, असं आढळून आलं आहे. पण याच मुंग्या गोड चिकट्यासाठी पिठ्या ढेकूण आणि खवलेकिडेही सांभाळतात. म्हणजे सरसकट मित्र नाहीत, सरसकट शत्रूही नाहीत. आपल्या झाडावर त्या नेमकं काय करताहेत, हे झाडाखाली उभं राहून बघितल्याशिवाय कळणार नाही.

एटकेनकडे जे नव्हतं ते आज तुमच्या सदऱ्याच्या खिशात आहे. मोबाईलवर काढलेला किड्याचा फोटो खेडहून दापोलीच्या कृषी विद्यापीठात क्षणात पोचतो. पण आमच्याकडे येणारे पुष्कळसे फोटो पाहून ओळख सांगता येत नाही. हिरव्या रानात मध्यभागी एक काळा ठिपका, एवढंच दिसतं. तेव्हा फोटो काढताना थोडं मनावर घ्या. सकाळच्या गारव्यात किडे सुस्त असतात, तेव्हा काढा. एक फोटो वरून, एक बाजूने, आणि एक झाडाच्या पानाफांदीसकट, कारण झाड कळलं की निम्मी ओळख तिथेच होते. शेजारी आगपेटीची काडी किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार समजेल. खाल्लेल्या पानाचा, फळावरच्या डागाचा फोटो वेगळा द्या. तारीख, गाव आणि पीक लिहा. अळी असेल तर दोन-तीन अळ्या भोकं पाडलेल्या डब्यात त्याच पाल्यावर पाळून बघा, कारवारची पद्धत. मोबाईलमधलं ॲप नाव सांगतं, पण ते अंदाज करतं हे ध्यानात ठेवा. अळ्यांच्या बाबतीत तर ते सहज चुकतं. त्याच्या भरवशावर औषध विकत घेऊ नका.

फुरसं

किड्याच्या ओळखीत चूक झाली तर पैसे जातात. सापाच्या ओळखीत झाली तर जीव जातो. एटकेन ज्या मंडळींत वावरत होते त्यांत जॉर्ज व्हायडल नावाचे सनदी अधिकारी होते. आपल्या जिल्ह्यात त्यांनी नोकरी केली होती आणि दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची यादी १८८० मध्ये प्रसिद्ध केली होती. १८९० मध्ये संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी उत्तर कानड्यातल्या विषारी सापांवर लेख लिहिला आणि त्यात सर्पदंशाच्या सरकारी आकड्यांवर बोट ठेवलं. साप ओळखल्याशिवाय कागदावर मृत्यू नागाच्या नावे चढतात आणि खरा मोठा कारणी फुरसं नजरेआड राहतं, असा त्यांचा मुद्दा होता. रत्नागिरी जिल्ह्यात तर एकोणिसाव्या शतकात फुरशांना मारण्यासाठी सरकारने बक्षीस लावलं होतं आणि फुरशी लाखांच्या घरात मारली गेली. फुरशी संपली नाहीत. आपल्या जांभ्याच्या कातळावर, गडग्यात, गवताच्या पेंढ्यांत ती अजून आहेत.

फुरसं लहान असतं, बहुधा फूट-दीड फुटाचं. डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी खूण, आणि डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. लहान दिसतं म्हणून लोक हलक्यात घेतात. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. दवाखान्यात काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं स्थिर ठेवतात आणि गोठतं का ते बघतात, ते यासाठीच. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. म्हणून दंश झालेल्याला दवाखान्यात नेण्यासाठी साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. लांबून फोटो निघाला तर काढा, न निघाला तर नाद सोडा आणि गाडी काढा. दंशाच्या वर करकचून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका.

बिनविषारी सापांची मात्र नाहक कत्तल होते. घरात पालींच्या मागावर येणारा कवड्या पट्ट्यांमुळे मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा मानेकडे पुसट किंवा नसल्यासारखे आणि मागे स्पष्ट असतात. पण हे ओळखायला वाकून जवळ जाऊ नका. मण्यारीच्या बाबतीत शंका ठेवणंच बरं, सर्पमित्राला बोलवा. सापसुरळी बिचारी तर 'सापाची मावशी' या नावापायीच मरते. तिला विष नाही, ती परसातले किडे खाते. सरडा आणि पालही विषारी नाहीत.

गोव्याच्या सरहद्दीवरचा ताप

१९०२ मध्ये सरकारला आपल्या या मीठखात्यातल्या अंमलदाराच्या छंदाचा उपयोग सुचला. गोव्याच्या सरहद्दीवरच्या जकातचौक्यांवर शिपाई तापाने बेजार होत. त्या भागातली बदली म्हणजे शिक्षाच, इतकी धास्ती. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधून पाच वर्षं झाली होती. ॲनाफिलीस जातीचा डास ताप पसरवतो हे कळलं होतं, पण चौकीशेजारच्या नेमक्या कुठल्या पाण्यात तो वाढतो आणि शिपायाचं बिऱ्हाड त्याच्यापासून कसं लांब नेता येईल, हे जागेवर जाऊन बघायला कुणीतरी हवं होतं. एटकेनना खास कामगिरीवर पाठवलं. पन्नाशी उलटलेले गृहस्थ चौक्याचौक्यांवर जाऊन डासांच्या अळ्या शोधत फिरले.

या फिरतीत त्यांना ॲनाफिलीसची एक नवीच जात सापडली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर जेम्स यांनी ती तपासली आणि १९०३ मध्ये तिला शोधणाऱ्याचं नाव दिलं गेलं, ॲनाफिलीस एटकेनाय. गंमत बघा, हा डास कुळाने ॲनाफिलीस असूनही हिवतापाच्या प्रसारात त्याचा महत्त्वाचा वाटा आढळलेला नाही. तो रानातल्या सावलीच्या पऱ्या-वहाळांत वाढतो. ग्रामीण भागात हिवताप पसरवणाऱ्या मुख्य जाती वेगळ्या आहेत. सगळे डास सारखे नाहीत, एवढंच नव्हे तर सगळे ॲनाफिलीसही सारखे नाहीत. कुठलं पाणी बुजवायचं, कुठे गप्पी मासे सोडायचे आणि कुठल्या वहाळाला हात लावायचं कारण नाही, हे डासाची जात कळल्यावरच ठरतं.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना उपयोगी पडेल म्हणून साधी ओळख सांगतो. ॲनाफिलीस भिंतीवर बसतो तेव्हा डोकं खाली आणि मागचा भाग वर, तिरक्या खिळ्यासारखा. इतर डास भिंतीशी समांतर, पाठीत वाकून बसतात. पाण्यातली अळीसुद्धा वेगळी. ॲनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवी पडून राहते, बाकीच्यांच्या अळ्या शेपटीची नळी वर आणि डोकं खाली अशा लटकतात. पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन उजेडात धरलं की हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

त्याच वर्षी ते मुंबईला काही सहकाऱ्यांबरोबर बिऱ्हाड करून होते. त्यांत डॉ. बॅनरमन होते, परळच्या प्लेग प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे पुढच्या हाफकिन संस्थेचे. एटकेनची आयुष्यकथा आपल्याला कळते ती बरीचशी याच स्नेह्याने लिहून ठेवली म्हणून. इतकी वर्षं मीठखात्यात घालवलेल्या या माणसाच्या आवडीचं काम सरकारने त्याला फक्त दोनदा दिलं, अशी खंत बॅनरमन यांनी नोंदवली आहे. एक हे सरहद्दीचं आणि दुसरं सिंधचं गॅझेटियर. मे १९०३ मध्ये एटकेन कराचीला मीठ-जकातीचे मुख्य कलेक्टर झाले, नोव्हेंबर १९०५ मध्ये गॅझेटियरचं काम त्यांच्याकडे आलं आणि ऑगस्ट १९०६ मध्ये ते निवृत्त झाले. गॅझेटियर १९०७ मध्ये छापून निघालं. दरम्यान 'अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल' (१८९४) हे कारवारकडच्या रानावरचं आणि 'द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे' (१९००) हे मुंबईतल्या पक्ष्यांवरचं, अशी त्यांची आणखी पुस्तकं आली होती. दुसरं तर मुद्दाम ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्यांच्यासाठी लिहिलेलं.

निवृत्तीनंतर ते एडिंबरोला जाऊन राहिले. ११ एप्रिल १९०९ रोजी, थोड्या आजाराने, तिथेच वारले. वय सत्तावन्न. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. विखुरलेले लेख गोळा करून १९१४ मध्ये 'कन्सर्निंग ॲनिमल्स' हे पुस्तक निघालं.

कारवारच्या पेट्या मात्र बंद पडल्या नाहीत. बेल निवृत्तीनंतरही कारवारातच राहिले. १९०९ पासून पुढे १९२७ पर्यंत मैदानी प्रदेशातल्या फुलपाखरांवरची त्यांची लेखमाला चालू होती. अळ्या पाळून, पाला बदलून, कोष फुटण्याची वाट बघून लिहिलेली. १९४८ मध्ये ते तिथेच वारले. आणि एटकेनच्या नावाचा तो डास सह्याद्रीतल्या सावलीच्या वहाळांत अजून आहे. सापडला तर वाटीत धरून बघा, अळी पाण्यालगत आडवी पडलेली दिसेल.